सामाईक भिंत

अ‍ॅक्रिंग्टनच्या या चढावर घरं एकमेकांना टेकून उभी,
संध्याकाळी चर्चमधून परतणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी.
माझ्या आणि एन्टविसलच्या मध्ये एकच वीट.
तो खोकला की माझ्या कपाटातल्या बशा किणकिणतात.

दिवसभर केअर होममध्ये मी लोकांचे पाय धुते,
कवळ्या काढते, लाळ पुसते.
ते सोपं आहे, प्रभू. त्याचे तासाला बारा पौंड मिळतात,
आणि सहाला गणवेश उतरवला
की प्रीतीही खुंटीला अडकवता येते.
अवघड आहे ते गुरुवारी
याची कचऱ्याची पेटी ओढत कोपऱ्यापर्यंत नेणं,
कारण याचा गुडघा गेलाय
आणि तोंड अजून शाबूत आहे.

पहिल्याच वर्षी दाराखालून चिठ्ठी आली:
तुमच्या फोडणीनं माझे पडदे पिवळे पडले.
(फोडणी हा शब्द माझा. त्याचा शब्द लिहीत नाही.)
नाताळात मी करंज्या दिल्या.
डबा तीन आठवड्यांनी परत आला, रिकामा.
आमच्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परतवत नाहीत,
निदान साखरेचे चार दाणे तरी.
हे मी तेव्हाच तुझ्या कानावर घातलं होतं.

रात्री दहाला मी तुझ्याशी बोलते, मोठ्यानं,
जालन्याच्या मिशन कंपाउंडात आई बोलायची तशी.
मनातल्या मनात केलेली प्रार्थना
तिला चहाडीसारखी वाटायची.
लेकाची परीक्षा, व्हिसा, कंबर,
आणि सगळ्यात शेवटी, आमेनच्या अलीकडे, एन्टविसल.
ते आडनाव जिभेवर बसायला सहा महिने लागले,
तक्रारीला उच्चार शुद्ध लागतो.
त्याचा टीव्ही. त्याचा कुत्रा. थँक्यू न म्हणणं.
तीन वर्षं. तू ऐकून घेतलंस.

मग फेब्रुवारीत माझा घसा बसला.
चार रात्री नुसते ओठ हलवले.
पाचव्या सकाळी दार वाजलं.
तो. सपातांमध्ये, बर्फात,
हातात टोमॅटो सूपचा टिन, एका बाजूनं चेपलेला.
'फोन बिघडला का तुझा?' म्हणाला.
'रोज दहाला घरच्यांशी बोलतेस ना.
चार दिवस आवाज नाही.'
मी गळ्याकडे बोट दाखवलं.
तो गेला नाही. पायरीकडे बघत राहिला.
'माझं नाव येतं त्यात. शेवटी शेवटी.
काय सांगतेस त्यांना माझ्याबद्दल?'
आणि मग, कुत्र्याला दटावावं तशा आवाजात:
'आयरीन गेल्यापासून
माझं नाव रोज कुणी घेत नाही.'

प्रभू, त्या क्षणी मला आवाज नव्हता
याबद्दल मी तुझे आभार मानते.

रविवारशाळेत मी दोन्ही आज्ञा पाठ म्हटल्या होत्या,
दहापैकी दहा, वर एक पेन्सिल बक्षीस.
त्या दोघींमधली भिंत इतकी पातळ असते
हे तेव्हा कुणी बोललं नाही.

सूप खारट होतं. सगळं प्याले.
टिन धुतला, आणि त्यात काय घालून परत द्यायचं
ते दोन दिवस सुचेना. शेवटी शेव घातली, कमी तिखट.

शनिवारी आवाज सुटला.
दहाला बसले. लेक, व्हिसा, कंबर.
मग त्याच्या नावापाशी आले
आणि पुढचं वाक्य सापडेना.
नाव घेतलं, थांबले,
पुन्हा घेतलं.

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.